युरिया भरला, तरी दिवा जाईना

पाच लिटर डीईएफ (डिझेलच्या धुरातला नॉक्स, म्हणजे नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड, कमी करणारं युरियाचं द्रावण) भरून दोन दिवस झाले होते, तरी डॅशबोर्डवरचा आकडा उतरतच होता: ३१० किमीनंतर इंजिन सुरू होणार नाही. दुसऱ्या गॅरेजमध्ये ‘नॉक्स सेन्सर गेलाय’ असं सांगितलं होतं, म्हणून मालक गाडी आमच्या गॅरेजमध्ये घेऊन आले. बीएस-६ डिझेल एसयूव्ही, युरियाची टाकी १४ लिटरची.

भरूनही दिवा जात नाही तेव्हा बहुतेक वेळा भरलेलंच कमी असतं. लिटर-दीड लिटर ओतलं तर बऱ्याच गाड्यांत ते भरल्यात धरलंच जात नाही. गाडी चढावर उभी असली तरी पातळी चुकते. म्हणून गाडी सपाट जागी घेतली, इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन केलं आणि मिनिटभर थांबलो. स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) पातळी ६८ टक्के आली, म्हणजे टाकीत साडेनऊ लिटर. इशारा आला तेव्हा तळाशी अडीच लिटर होतं, त्यात पाच घातले. साडेसात व्हायला हवेत. वरचे दोन लिटर कुठून आले, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

बिघाडाचा कोड पी२०७एफ, म्हणजे द्रवाच्या गुणवत्तेचा. लाइव्ह डेटात युरियाचं प्रमाण २६ टक्के दिसत होतं, हवं ३२.५, आणि चालतं ३१.८ ते ३३.२ पर्यंत. आता टाकीतला सेन्सर खोटं बोलतोय की द्रव? डीईएफचा रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून प्रमाण दाखवणारं यंत्र) घेतला, डिस्टिल्ड वॉटरवर शून्य लावला आणि टाकीतला एक थेंब काचेवर ठेवला. २६. दोन वेगळी यंत्रं एकच आकडा सांगत असतील तर सेन्सर बदलण्यात अर्थ नाही. डिकीत ठेवलेल्या डीईएफच्या बादलीच्या तळाचा थेंब तपासला, तो ३२.५ भरला. माल चांगला होता.

मालक चहाला गेल्यावर ड्रायव्हरला विचारलं, “दादा, टाकीत अजून काय घातलंत?” कसारा घाटात दिवा लागला, जवळपास डीईएफ मिळेना, गाडी बंद पडेल या भीतीने त्याने लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या ओतल्या होत्या. हिशेब तिथेच जुळला. खरं तर आकडा शून्यावर आला तरी चालतं इंजिन बंद पडत नाही. एकदा बंद केलं की पुन्हा सुरू होत नाही, एवढंच. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पातळ द्रावणाने नॉक्स पुरेसा कमी होत नाही. शिवाय बाटलीतल्या पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम कॅटॅलिस्टवर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत नॉक्स कमी करणाऱ्या भागावर, बसतो. (शेतीचा युरिया विरघळवून घालणारेही भेटतात. तो नीमकोटेड असतो, म्हणजे वर तेलही आलं.) त्यामुळे वरून जाडसर द्रावण घालून प्रमाण जुळवण्याचा प्रश्नच नव्हता.

इग्निशन बंद केल्यावर पंप लाइनमधलं डीईएफ मागे खेचतो, म्हणून पाच मिनिटं थांबूनच बॅटरी काढली. टाकी उतरवून पूर्ण रिकामी केली, डीआयोनाइज्ड पाण्याने दोनदा आणि शेवटी थोड्या ताज्या डीईएफने खंगाळली. भांडी प्लास्टिकची घेतली. तांबं-पितळ किंवा जस्ताचा पत्रा याला चालत नाही. डीईएफ फवारणाऱ्या इंजेक्टरच्या टोकावर पांढरे खडे होते, ते कोमट डीआयोनाइज्ड पाण्यात विरघळवले. तारेने खरवडलं तर भोक बिघडतं. नवं १० लिटर भरलं, स्कॅनरवरून डोसिंग टेस्ट देऊन इंजेक्टरमधून मापात किती द्रव पडतो ते पाहिलं, मग कोड काढला.

तरीही दिवा लगेच गेला नाही. नॉक्स सेन्सर तापल्यावर आणि एक्झॉस्ट पुरेसा गरम झाल्यावरच गाडी स्वतः खात्री करून घेते. महामार्गावर ७०-८०च्या स्थिर वेगाने साधारण ३५ किमी गेल्यावर आकडा नाहीसा झाला, प्रमाण ३२ च्या पुढे स्थिर राहिलं. कॅटॅलिस्टवर क्षार किती बसलेत हे एका फेरीत कळत नाही, म्हणून पुढच्या सर्व्हिसला कॅटॅलिस्टच्या पुढचा आणि मागचा नॉक्स पुन्हा ताडून पाहायचा, असं जॉबकार्डवर लिहून ठेवलं.