एफडीटीडी: कोड फुटला की आधी चित्र बघावं

एफडीटीडी म्हणजे जागेचे छोटे सेल आणि वेळेच्या छोट्या पायऱ्या करून विद्युतचुंबकीय लाटा संगणकावर मोजायची पद्धत. तिचा कोड बिघडला की लोक समीकरणं पुन्हा तपासत बसतात. समीकरणं सहसा बरोबरच असतात. केन यी यांची १९६६ची मांडणी साधीच आहे: विद्युतक्षेत्र सेलच्या कडांवर, चुंबकीय क्षेत्र पृष्ठांच्या मध्यावर, आणि वेळेतही दोघांत अर्ध्या पायरीचं अंतर. अ‍ॅरेला अर्धा इंडेक्स नसतो, आणि घोळ तिथेच होतो.

म्हणून सुरुवात एकमितीतच करावी. कूरांट संख्या (एका पायरीत प्रकाश किती सेल जातो ते) १ ठेवली की निर्वातात पल्स दर पायरीला नेमका एक सेल सरकतो, आकार न बदलता. जरा जरी पसरला तरी त्रिमितीकडे वळू नये.

त्रिमितीत हिशोब महाग पडतो. १० गिगाहर्ट्झला, डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (जितका मोठा तितकी पदार्थात लाट हळू) ४ असलेल्या पदार्थात तरंगलांबी १५ मिमी. तिच्यात २० सेल बसवले तर सेल ०.७५ मिमी आणि टाइम स्टेपची (वेळेच्या एका पायरीची) कमाल मर्यादा १.४४ पिकोसेकंद. (इथे प्रकाशाचा वेग निर्वातातलाच धरायचा, कारण ग्रिडमध्ये कुठे ना कुठे हवा असतेच.) सेल निम्मा केला की मेमरी ८ पट, वेळ १६ पट. म्हणून तरंगलांबीला १० सेलवर भागवायचा मोह होतो. पण तरंगलांबीला तेवढेच सेल असतील तर निर्वातातली लाटही अक्षाच्या दिशेनं सुमारे १.१ टक्के मागे पडते. २० तरंगलांब्या गेल्यावर फेज (लाटेच्या चढउतारातली जागा) जवळपास ८० अंशांनी चुकलेली असते. चित्र मात्र सुरेख दिसतं, हेच वाईट.

टाइम स्टेप मर्यादेबाहेर गेली तर चित्र लपवत नाही. शेजारशेजारच्या सेलमध्ये अधिक-उणे, अधिक-उणे असा बुद्धिबळाचा पट उमटतो आणि थोड्याच पायऱ्यांत सगळीकडे एनएएन ('ही संख्याच नाही' अशी संगणकाची खूण).

ग्रिडच्या कडेवरून लाट परत येत असेल तर पीएमएल (कडेला लाट शोषून घेणारा थर) बघावा. १० सेल जाडी पुरते, पण वाहकता आतून बाहेर, खोलीच्या घनाच्या प्रमाणात चढवावी. एकदम चढवली तर तो थर स्वतःच परावर्तन करतो. शिवाय ई (विद्युतक्षेत्र) आणि एच (चुंबकीय क्षेत्र) यांच्यासाठी ती आपापल्या, अर्ध्या सेलनं सरकलेल्या जागी मोजावी लागते. पदार्थ कडेपर्यंत जाणारा असेल तर तो पीएमएलच्या आतही तसाच न्यावा.

सोर्सच्या (जिथून लाट सोडतो त्या) सेलमध्ये किंमत थेट लिहू नये. पल्स संपल्यावर तिथे सक्तीचं शून्य राहतं आणि परतणारी लाट धातूवर आपटावी तशी उलटते. किंमत आधीच्या किमतीत मिळवावी. गाऊसियन (घंटेच्या आकाराच्या) पल्सचं शिखर टाउच्या (पल्सच्या रुंदीच्या) निदान ४ पट उशिरा ठेवावं: सुरुवातीची उडी १०⁻⁷च्या आसपास येते, म्हणजे सिंगल प्रिसिजनच्या (३२-बिट संख्यांच्या) अचूकतेच्याच पातळीला. आणि सगळं शांत झाल्यावरही सोर्सपाशी न हलणारं क्षेत्र उरलं, तर ते टाइम स्टेपच्या मर्यादाभंगाचं लक्षण नव्हे: गाऊसियन प्रवाहाची बेरीज शून्य नसते, त्यामुळे सोर्सच्या दोन्ही टोकांना विद्युतभार साचतो. गाऊसियनऐवजी त्याचं अवकलज दिलं की तो उरत नाही.