आधी आवाज, मग अक्षर

डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी असूनही वाचता-लिहिताना येणारी अडचण, असलेल्या मुलाला वाचायला शिकवताना मी पुस्तक लगेच उघडत नाही. आधी आवाजांचे खेळ. ‘कमळ’मधला पहिला आवाज काढला तर काय उरतं? ‘मळ’. हे तोंडी जमलं की मगच अक्षर समोर येतं, कारण अडचण बहुतेकदा डोळ्यांत नसते. आवाज सुटे करून अक्षरांशी जोडण्यात असते. अशा मुलाला कुणी ‘आळशी’ म्हटलं की माझा जीव तुटतो.

देवनागरीत खरी कसोटी ऱ्हस्व वेलांटीची. ‘किती’ लिहिताना वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, उच्चार मात्र नंतर. ‘सूर्य’मधला रफार त्याच्या उलट: बसतो ‘य’च्या डोक्यावर, बोलायचा ‘य’च्या आधी. म्हणून ‘क’ एका कार्डावर, वेलांटी दुसऱ्या कार्डावर लाल रंगात. मूल कार्डं सरकवतं, मोठ्याने म्हणतं, वाळूत बोटाने गिरवतं. एक चिन्ह पक्कं झाल्याशिवाय मी दुसरं काढत नाही.

आणि पालकांनो, तोच धडा दहा-दहा वेळा लिहायला लावू नका. हात दुखतो, वाचन येत नाही. त्यापेक्षा रोज थोडं वाचून दाखवा. इतिहासाचं उत्तर एकदा तोंडी घेऊन बघा, त्याला किती येतं ते कळेल.