क्रिएटिनिन ८२

चीनच्या इवू शहरात मी दुभाषी म्हणून काम करते. काम बहुतेक घाऊक बाजारातलं: माळा, क्लिपा, खेळणी, भाव, कार्टन. दवाखान्याची वेळ क्वचित येते, म्हणून त्या दिवशी शब्दांची काही तयारी न करताच गेले. चूक तिथेच झाली.

जळगावचे एक व्यापारी काका माझं जुनं गिऱ्हाईक. वय ५६. तीन आठवडे झोप नाही, कानात किर्र आवाज, कंबर धरलेली, रात्री तळपाय जळतात. "इथलं देशी औषध बघू या की," हे तेच म्हणाले.

डॉक्टरबाई साठीच्या. आधी जीभ बघितली. ती तपकिरी! बाईंनी विचारलं, "कॉफी?" काकांनी गुपचूप खिशातली तंबाखूची पुडी चाचपली. मग चूळ भरायला लावून पुन्हा जीभ. नंतर मनगटावर तीन बोटं. काका खूश झाले, कारण आपले वैद्यही तशीच नाडी बघतात. पण आपल्याकडे त्या बोटांखाली वात, पित्त, कफ असतात. इथे डाव्या मनगटावर ओळीनं हृदय, यकृत, मूत्रपिंड. बाईंचं तिसरं बोट बराच वेळ दाबलेलं राहिलं. मग त्या म्हणाल्या, "शन श्यू."

शन म्हणजे मूत्रपिंड, श्यू म्हणजे कमी पडणं. मी सरळ सांगून टाकलं, "काका, किडनी कमजोर झालीय."

काकांचे थोरले भाऊ डायलिसिसवर आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. काकांचा चेहरा पांढरा पडला. बाईंना वाटलं चक्कर आली. त्यांना कारण कळलं तेव्हा त्यांनी स्वतःच रक्त तपासायला पाठवलं. चिनी वैद्यकाच्या रुग्णालयातही प्रयोगशाळा असतेच. तासाभरानं कागद आला. काकांनी तो माझ्या आधी हिसकावला.

"ब्याऐंशी!" ते ओरडले. "अगं, दादाचं सुद्धा नऊच्या वर नव्हतं गेलं!"

तो आकडा क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी नीट काम करते का ते सांगणाऱ्या रक्तातल्या घटकाचा. इथे तो मायक्रोमोलमध्ये लिहितात. ८८.४ नं भागलं की आपले मिलिग्रॅम. मी मोबाइलवर भागून दाखवलं: ०.९३, म्हणजे ठीकच. काकांनी स्वतःच्या मोबाइलवर पुन्हा भागलं. व्यापारीच शेवटी.

मग 'शन' उलगडणं भाग होतं. मी म्हटलं, "काका, मटणवाल्याकडे काळीज मागितलं तर तो काय देतो?" "लिव्हर." "आणि काळीज तुटतं म्हणताना आपण लिव्हरबद्दल बोलतो का?"

बाईंचा शन तसाच. त्यांच्या शास्त्रात तो जन्मासोबत आलेल्या सत्त्वाची कोठी. हाडं, मज्जा, कान, डोक्यावरचे केस, कंबर, भीती, हिवाळा, सगळं त्याच्या ताब्यात. म्हणून कान वाजला, कंबर धरली की बोट त्याच्याकडे जातं. हृदय राजा, फुप्फुसं मंत्री, यकृत सेनापती, प्लीहा आणि जठर धान्यकोठाराचे अधिकारी: दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'ह्वांगती नैचिंग' या ग्रंथात शरीराचा असा दरबारच भरलाय. त्यात 'सान्च्याव' नावाचा एक अवयव आहे, पाण्याच्या वाटा सांभाळणारा. पुढच्या एका ग्रंथानं म्हटलंय की त्याला नाव आहे, आकार नाही. कापून बघितलं तर सापडणारच नाही! एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य शरीरशास्त्र चिनीत आलं तेव्हा कापून दिसणाऱ्या अवयवांना हीच जुनी नावं दिली गेली, आणि घोटाळा कायमचा झाला. त्यात मी पुन्हा किडनीची भर घातली.

काकांची झोप का उडाली? बाईंच्या मते हृदयाची आग खाली उतरत नाही, शनचं पाणी वर चढत नाही. काकांना मात्र सत्त्वाची कोठी नेमकी पटली. "म्हणजे मी भांडवल खाल्लं," ते म्हणाले. "व्याजावर जगायचं होतं."

काढ्याच्या पुड्या घेतल्या. काकांना ब्लडप्रेशरची गोळी चालू होती, म्हणून मी जळगावच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा घेऊ नका असं दोनदा बजावलं. त्या औषधाची हमी मी कशी देणार?

टॅक्सीत बसलो. काकांनी निश्चिंत होऊन रिपोर्टचा फोटो मुलाला पाठवला, भागाकार न करता. पाच मिनिटांत फोन वाजला.