आमची वाटचाल : ऑनलाइन, बॅच आणि मधली रांग

वाय-टू-केची (संगणकांतल्या सन २००० च्या तारखेच्या अडचणीची) धामधूम ओसरली आणि पुण्यातल्या बहुतेक कंपन्या जावाकडे वळल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत आम्ही ही फर्म काढली, तीही फक्त मेनफ्रेमसाठी, म्हणजे बँका-विमा कंपन्यांचे व्यवहार सांभाळणाऱ्या मोठ्या संगणकांसाठी. प्रोग्रॅमिंगची कंत्राटं घ्यायची नाहीत हे आधीच ठरलं होतं. मशीन कशावर खर्च होतंय ते मोजायचं आणि पुढच्या वर्षी ते पुरेल का ते सांगायचं, एवढंच आमचं काम. ग्राहक मुख्यतः अमेरिकेतल्या विमा कंपन्या आणि बँका. त्यांची रात्रीची बॅच, म्हणजे एकगठ्ठा आपोआप चालणारी कामं, सुरू असते तेव्हा आपल्याकडे सकाळ असते, हे आमच्या पथ्यावर पडलं.

पहिल्याच भेटीत हमखास विचारलं जायचं, "सीपीयू शंभर टक्क्यांवर गेलाय, मोठं मशीन घ्यावं का?" पण मेनफ्रेमवर शंभर टक्के म्हणजे आजार नव्हे. वर्कलोड मॅनेजर (कुठल्या कामाला आधी सीपीयू द्यायचा ते ठरवणारा भाग) नीट लावलेला असेल तर सीआयसीएसचे, म्हणजे जागच्या जागी होणारे ऑनलाइन, व्यवहार आधी पुढे जातात आणि डिस्क्रिशनरीतली, म्हणजे वेळेचं लक्ष्य न लावलेली, बॅच उरलेल्या सीपीयूवर चालते. म्हणून आम्ही आधी एसएमएफचे (मशीन स्वतः लिहून ठेवतं त्या वापराच्या नोंदींचे) ७२ नंबरचे रेकॉर्ड उघडतो आणि प्रत्येक सर्व्हिस क्लासचा, म्हणजे एकच लक्ष्य लावलेल्या कामांच्या गटाचा, परफॉर्मन्स इंडेक्स बघतो; तो १ च्या वर गेला म्हणजे लक्ष्य चुकतंय. महत्त्वाच्या कामांचा इंडेक्स १ च्या आत असेल, तर भरलेलं मशीनही पुरेसं आहे. तो सतत १ च्या वर राहत असेल आणि ती कामं सीपीयूच्या रांगेत ताटकळत असतील, तरच खरेदीचं बोलायचं. आम्ही कुठल्याच विक्रेत्याकडून कमिशन घेत नाही, म्हणून हे मोकळेपणाने सांगता येतं.

ऑनलाइनसाठी सरासरी प्रतिसादाचं लक्ष्य ठेवू नका, असं मी आजही आग्रहाने सांगतो. मोजके लांबलचक व्यवहार सगळी सरासरी बिघडवतात. '९० टक्के व्यवहार अर्ध्या सेकंदात' असं लक्ष्य लावलं की काउंटरवरच्या माणसाला काय जाणवतंय ते आकड्यात दिसतं.

आमचं नाव झालं ते मात्र बॅचमुळे. एका विमा कंपनीची महिनाअखेरची बॅच सकाळी ऑनलाइन उघडायच्या वेळेपर्यंत आवरत नव्हती. क्रिटिकल पाथवरचा, म्हणजे जो लांबला की सगळी बॅच लांबते असा, एक जॉब तासन्‌तास चालायचा. एसएमएफच्या ३० नंबरच्या, म्हणजे जॉबच्या हिशेबाच्या, रेकॉर्डमध्ये त्याचा सीपीयू जेमतेम काही मिनिटांचा, इनपुट-आउटपुटची संख्या मात्र अफाट. पॉलिसींची व्हीसॅम (मेनफ्रेमवरची फाइल ठेवायची पद्धत) फाइल तो पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने वाचत होता आणि डेटा बफर (डिस्कवरून वाचलेला डेटा ठेवायच्या मेमरीतल्या जागा) होते डिफॉल्टचेच, म्हणजे फक्त २. जॉब कसा चालवायचा ते सांगणाऱ्या जेसीएलमधल्या एएमपी पॅरामीटरमध्ये बीयूएफएनडी, म्हणजे या बफरचा आकडा, वाढवला. प्रोग्रॅमची एक ओळही बदलली नाही, आणि जॉबचा वेळ निम्म्याहून खाली आला. नव्या मशीनचा प्रस्ताव बाजूला पडला. पुढची कितीतरी कामं त्या कंपनीच्या शिफारशीवर मिळाली.

मग बरीच वर्षं आमचा धंदा चालला तो मागच्या चार तासांच्या सीपीयू-वापराच्या सरकत्या सरासरीवर, म्हणजे चार तासांच्या रोलिंग अ‍ॅव्हरेजवर. महिन्यातल्या सर्वांत उंच शिखरावरून सॉफ्टवेअरचं मासिक बिल ठरायचं. त्यामुळे त्या वेळेतले बिनघाईचे रिपोर्ट जॉब पहाटे ढकलले की बिल खाली यायचं. २०१९ मध्ये आयबीएमने टेलर्ड फिट प्रायसिंग ही बिलाची नवी पद्धत आणली. ज्याचं बिल एकूण वापरावर येतं, त्याला जॉब हलवून काही मिळत नाही; जॉबने खाल्लेला सीपीयूच कमी करावा लागतो. म्हणून आम्ही डीबी२ या डेटाबेसच्या क्वेरींत मुरलेली आणि जुने कोबोल भाषेतले प्रोग्रॅम नव्या कंपायलरवर आणू शकणारी माणसं घेतली. ही भरती खर्चाची होती, पण तिच्यामुळेच फर्म टिकली.

आता मोबाइल अ‍ॅपमुळे ऑनलाइन रात्रीही थांबत नाही आणि बॅच त्याच डीबी२ टेबलांवर शेजारी चालते. बॅचने कमिट (केलेले बदल पक्के करून त्यांवरचे लॉक, म्हणजे कुलपं, सोडणं) उशिरा केला तर लॉक अडकून ऑनलाइन खोळंबतं, फार लवकर-लवकर केला तर सीपीयू वाया जातो. एसएमएफचे १०१ (डीबी२चे) आणि ११० (सीआयसीएसचे) नंबरचे रेकॉर्ड समोरासमोर ठेवून प्रत्येक मोठ्या जॉबसाठी कमिटचा योग्य टप्पा शोधणं, हे सध्या आमचं सर्वांत मोठं काम आहे.