आमचा घरगुती दवाखाना

सकाळपासून मीठ-साखरेचं पाणीच ढवळून राह्यली. एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आता झोपेतही बडबडीन मी! लहान्याले हगवण, सासूबाईचे गुडघे धरले, अन् यायचा बीपी वाढला, म्हणजे माह्या हातचं अळणी खाऊन तोंड वाकडं करायले नवीन कारण भेटलं.

त्यात आजच मोठीचा पाचवीचा पहिला दिवस, तालुक्याच्या शाळेत, गावची शाळा चौथीपर्यंतच ना. पाचवीपासून पोरीयले एसटीचा पास फुकट हाये, पण एसटी यायले तर पाह्यजे! पाऊण तास फाट्यावर उभ्या होतो दोघी, शेवटी आली, मी रडकुंडीले आली अन् पोरगी खिडकीतून अख्ख्या गाडीले आयकू जाईन असं वरडली, "आई, तू घरी जाय, लहान्याची चड्डी बदल!"