घर आपले, जमीन दुसऱ्याची

अमेरिकेत ज्याला सर्रास ‘मोबाईल होम’ म्हणतात, ते घर कारखान्यातून एकदा जागेवर आले की सहसा पुन्हा हलत नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये आमच्या भागात अशा घराचे दोन भाग जोडताना मी पाहिले आहेत: प्लास्टिकने झाकलेल्या उघड्या बाजू समोरासमोर आणून कामगार ते बोटाबोटाने जवळ सरकवत होते आणि प्रत्येक भागाच्या मागच्या भिंतीवर लाल रंगाची छोटी धातूची पट्टी ठोकलेली होती. घर केंद्रीय गृहनिर्माण खात्याच्या नियमांप्रमाणे बांधल्याची ती खूण. हे नियम १५ जून १९७६ पासून देशभर लागू झाले आणि १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात फ्लोरिडातील अशी घरे उद्ध्वस्त झाल्यावर १९९४ मध्ये वाऱ्याबाबतचे निकष आणखी कडक करण्यात आले. त्यामुळे ‘स्वस्त म्हणजे तकलादू’ हा समज आजच्या घरांना लावणे मला अन्यायाचे वाटते.

खरी अडचण घराखालच्या जमिनीची आहे. अनेक कुटुंबे घर विकत घेतात, पण ते उभे असते ‘पार्क’च्या, म्हणजे अशा घरांच्या वसाहतीच्या, मालकाच्या जागेवर, आणि तिचे भुईभाडे दरमहा भरावे लागते. जमीन नावावर नसल्याने घरकर्जाऐवजी बहुधा जंगम मालमत्तेवरचे कर्ज मिळते, ज्याची मुदत कमी आणि व्याज जास्त असते. भाडे वाढले तरी घर उचलून दुसरीकडे न्यायला हजारो डॉलर लागतात. शिवाय जुने घर घ्यायला बरीच पार्के तयार नसतात. गुंतवणूक कंपन्या अशी पार्के विकत घेऊ लागल्या आहेत त्या रहिवाशांच्या याच अगतिकतेवर डोळा ठेवून, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावरचा उपाय याच राज्यात सापडला, याचे मला मनापासून कौतुक वाटते. मेरेडिथ गावातील रहिवाशांनी १९८४ मध्ये सहकारी संस्था स्थापून आपल्या पार्कची जमीन स्वतःच विकत घेतली. आज इथल्या कायद्यानुसार पार्क विकण्यापूर्वी मालकाला रहिवाशांना साठ दिवसांची सूचना द्यावी लागते आणि त्यांच्या प्रस्तावाचा प्रामाणिकपणे विचार करावा लागतो. गृहनिर्माण सोसायटीची सर्वसाधारण सभा, देखभाल खर्च आणि त्यावरचे वाद अंगवळणी पडलेल्या मराठी माणसाला ही व्यवस्था ओळखीची वाटेल. सभासदांना येथे रस्ते, पाण्याच्या वाहिन्या, सांडपाणी हे सारे स्वतः सांभाळावे लागते आणि ते काम कष्टाचे आहे. मात्र भुईभाडे किती वाढवायचे, हे तेच मतदानाने ठरवतात.