आण्णा म्हणाले, ही तर भुरी हाय

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला माझं शोभेच्या माशांचं छोटं दुकान आहे, सोळा वर्षं झाली. त्यामुळं मासा बघितला की आजार कळतो असा एक माज असतोच अंगात, खोटं कशाला बोलू. तो माज उतरला त्या दिवसाची ही गोष्ट.

डिसेंबर होता, संध्याकाळी तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आण्णा आले, हातात लोणच्याची बरणी आणि बरणीत निळा फायटर. नातीचा मासा. तीन आठवड्यांपूर्वी माझ्याकडनंच नेलेला. "पोरगी दोन दिस जेवली न्हाई नीट, मासा खात न्हाई म्हणून," असं म्हणत त्यांनी बरणी काउंटरवर ठेवली.

मी बघितलं. पर मिटलेले, शेपटीची कड जरा फाटलेली, रंग मळकट, तळाला बसून. मधेच वर येऊन हवा घ्यायचा, पण फायटर तसाही वर येऊन हवा घेतोच, त्याच्या डोक्यात त्यासाठी वेगळा अवयव असतो, म्हणून मी तिकडं लक्षच दिलं नाही. थर्मामीटर टाकला तर वीस डिग्री. झालं, माझं निदान पक्कं. थंडी, छोटा बाऊल, घाण पाणी, शेपटी कुजायला लागलीय. मूळ थायलंडचा उष्ण पाण्यातला मासा हो हा (तिकडं २०१९ ला राष्ट्रीय जलचर केलाय त्याला, आणि आपण ठेवतो बरणीत), त्याला पंचवीस ते अठ्ठावीस डिग्री पाहिजे. पर कुजण्यावरची बाटली काढली, बिल करायला लागलो.

आण्णा मात्र बरणीवर वाकून बघतच होते. म्हणाले, "ह्यो अंग घासतोय ओ खड्यांवर. बघा की." मग खिशातनं बॅटरी काढली, शेतीची लाईट रात्रीची असते त्यामुळं ह्या लोकांच्या खिशात बॅटरी असतेच. "ती वरची लाईट बंद करा जरा." का म्हणून विचारलं तर म्हणाले, द्राक्षाच्या पानावरची भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, समोरनं दिसत नाही, उजेड आडवा मारायचा, मग पावडर दिसते.

लाईट बंद केली. त्यांनी बाजूनं उजेड मारला आणि माझ्या पोटात गोळाच आला. डोक्यापासनं पाठीपर्यंत सोनेरी धूळ, हळद भुरभुरल्यासारखी. कल्ले फडाफडा चाललेले. "ही तर भुरी हाय," आण्णा.

भुरी नव्हे, पण नजर बरोबर होती. ह्याला आम्ही वेल्वेट म्हणतो. पांढरे ठिपके येणारा आजार वेगळा, ते मिठाच्या दाण्याएवढे असतात, लांबनंही दिसतात. वेल्वेट म्हणजे पिठाएवढं बारीक, आणि निळ्या माशावर टॉर्चशिवाय दिसतच नाही. एक परजीवी असतो, कातडीला आणि कल्ल्यांना चिकटून खातो, मग गळून तळाला पडतो, तिथं एकाचे दोनअडीचशे होतात आणि ते पोहत परत मासा शोधतात. अंगावर असताना त्याच्यावर औषध चालत नाही, पोहताना चालतं, म्हणून धूळ गेली की औषध थांबवायचं नसतं. आण्णांना हे पटकन समजलं, "डावणीसारखंच, एक फवारणी करून भागत न्हाई" म्हणाले. डावणी म्हणजे द्राक्षावरचा दुसरा बुरशीचा रोग.

मग मी बोलता बोलता म्हणालो की ह्यावर तांब्याचं औषध चालतं, आणि तिथं चुकलो. आण्णांचा चेहराच खुलला. "मोरचूद व्हय! गोणीभर पडलाय घरात, टाकतो चिमूटभर." मोरचूद म्हणजे तांब्याचंच, कॉपर सल्फेट. मी अक्षरशः त्यांचा हात धरला. म्हटलं आण्णा, एक टक्क्याच्या बोर्डो फवारणीला तुम्ही शंभर लिटरला किलोभर मोरचूद घालता, इथं तांबं लागतं लिटरला एक मिलिग्रॅमचा जेमतेम पाचवा भाग. चिमटीनं मासा रोगाच्या आधी मरंल.

मासा मीच ठेवून घेतला. दहा लिटरचा टब, क्लोरीन काढलेलं पाणी, हीटर लावून एका दिवसात हळूहळू अठ्ठावीसवर नेलं, एकदम नाही. खडेमीठ, आयोडीनवालं नाही, चार लिटरला एक छोटा चमचा. तयार औषध बाटलीवरच्या मापानं थेंब मोजून. आणि टबवर काळं कापड, कारण हा परजीवी अर्धा वनस्पतीसारखा, त्याला उजेडातनंही खायला मिळतं, अंधारात निम्मा हतबल होतो. आण्णा म्हणाले हे आमच्या बागेला जमायचं न्हाई.

पाचव्या दिवशी त्यानं डासाची अळी खाल्ली. धूळ आठव्या दिवशी गेली, औषध मी चौदा दिवस चालू ठेवलं.

पण खरी गोष्ट पहिल्याच रात्रीची आहे. शटर ओढलं, आत एकटाच, आणि डोक्यात किडा वळवळत होता की तीन आठवड्यांपूर्वीचा मासा, त्यांच्या घरात दुसरा मासा नाही, मग ही धूळ आली कुठनं. सगळ्या लाईटी बंद केल्या आणि मोबाईलची टॉर्च आडवी धरून एकेक बरणी बघत गेलो. अकरा फायटर होते. चौघांवर सोनं. सगळ्या बरण्यांत मी एकच जाळी फिरवत होतो, गडबडीत कोण धुतंय.

चारातले दोन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांना फोन केला आणि सांगितलं की रोग तुमच्या घरी नाही लागला, माझ्याकडनंच गेला, पैसे परत घ्या. तिकडनं जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "रोपं नर्सरीतनंच रोग घिऊन येत्यात ओ, नवं काय त्यात. पैशाचं राहू द्या, तेवढी जाळी बदला."

आता प्रत्येक रांगेला वेगळी जाळी आहे आणि काउंटरखाली एक शेतातली बॅटरी.